पहिली स्कूबा सहल: गोव्यातून अंदमान किंवा लक्षद्वीपला जाण्यापूर्वीची आखणी

गोव्यातल्या माणसाला समुद्र नवा नसतो. पण त्या समुद्राच्या पोटात काय आहे, हे आपल्यातल्या बहुतेकांनी मासळीबाजारातल्या टोपलीपलीकडे पाहिलेले नसते. गोबरा, तांबोशी, इसवण हे मासे आपण तुकड्यांवरून ओळखतो. जिवंत गोबरा कपारीतून तोंड बाहेर काढून आपल्याकडे पाहतो आहे, हे दृश्य पाहायला स्कूबा डायव्हिंग शिकावे लागते आणि त्यासाठी उबदार, स्वच्छ पाण्याच्या बेटांवर जावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. अशी पहिली सहल फसते तेव्हा दोष क्वचितच समुद्राचा असतो. चार दिवसांच्या सुट्टीत तीन दिवस प्रवासात जातात, निघताना झालेली सर्दी कानात उतरते, शेवटच्या डाइव्हनंतर काही तासांतच विमान असते, किंवा वैद्यकीय अर्जावरच्या एका प्रश्नाचे उत्तर बेटावर पोहोचल्यावर 'होय' असे निघते. या सगळ्या गोष्टी घरी बसून आधी सोडवता येतात. म्हणून सहलीची निम्मी कामे गोव्यातच उरकावीत आणि बेटावरचे दिवस फक्त समुद्रासाठी मोकळे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. पुढचा सगळा लेख त्याच क्रमाने जातो.

आधी हे ठरवावे: नुसता अनुभव हवा की प्रमाणपत्र?

नवख्या माणसापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे एका दिवसाची ओळख-डाइव्ह, जिला बहुतेक ठिकाणी 'डिस्कव्हर स्कूबा' किंवा 'ट्राय डाइव्ह' म्हणतात. यात थोडी माहिती, उथळ पाण्यात दोन-चार कौशल्यांचा सराव आणि मग प्रशिक्षकाच्या हाताखाली एक बुडी असते. स्कूबाचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार तिची मर्यादा १२ मीटर आहे आणि ती केल्याने कोणतेही डायव्हिंगचे प्रमाणपत्र मिळत नाही. दुसरी वाट म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर' हा पूर्ण कोर्स. त्यात लेखी अभ्यास, तलावातील किंवा उथळ पाण्यातील सराव आणि समुद्रातील चार प्रशिक्षण-डाइव्ह असतात. त्यानंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत डायव्हिंग करण्याची पात्रता मिळते आणि ते कार्ड जगभर चालते. पाडी आणि तिच्यासारखीच एसएसआय या दोन्ही संस्थांचे कोर्स सारख्याच तोलाचे आहेत. संस्थेपेक्षा शिकवणारा कोण आहे, याला जास्त महत्त्व द्यावे. दहा वर्षे पूर्ण झालेली मुलेही ज्युनिअर प्रमाणपत्र घेऊ शकतात, मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी खोलीची मर्यादा १२ मीटरच राहते.

बेटापर्यंतच्या प्रवासाचा खर्च करणार असाल आणि हातात आठवडा असेल, तर पूर्ण कोर्सच करावा. ओळख-डाइव्हमध्ये सगळे लक्ष आपला श्वास आणि कान सांभाळण्यात जाते, प्रशिक्षकाने मागून टाकी धरलेली असते, आणि जरा स्थिरावून आजूबाजूला पाहावे तोवर वर जायची वेळ होते. मात्र घरातील एखादी व्यक्ती पाण्याला बिचकत असेल, तर तिच्यासाठी आधी ओळख-डाइव्हच योग्य आणि तीही शक्यतो घराजवळ. हजारो रुपयांचे विमानभाडे भरून झाल्यावर 'मला हे जमणार नाही' म्हणणे माणसाला जड जाते, आणि पाण्याखाली भिडस्तपणा धोक्याचा असतो.

वैद्यकीय अर्ज, कान आणि पोहणे

सहलीचे पहिले पाऊल म्हणजे विमानाचे तिकीट काढणे नव्हे. डायव्हिंगचा वैद्यकीय प्रश्नावलीचा अर्ज इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. तो उतरवून घ्यावा आणि प्रामाणिकपणे भरावा. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेह, मानसिक आजारांची औषधे अशा गोष्टी त्यात विचारलेल्या असतात, आणि ४५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी काही जादा प्रश्न असतात. ज्या उत्तरांपुढे डॉक्टरांकडे जाण्याची सूचना आहे, त्यांपैकी एकही 'होय' असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय कोणतेही जबाबदार केंद्र पाण्यात उतरवत नाही. 'होय' म्हणजे नकार नव्हे. पूर्वी दमा असलेल्या अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळते. पण ती तपासणी फोंड्यात किंवा पणजीत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घेणे आणि बेटावर उतरल्यावर डॉक्टर शोधत हिंडणे, यात फार फरक आहे. बेटावर पोहोचून 'नाही'वर खुणा करून मोकळे होण्याचा मोह कित्येकांना होतो. तो टाळावा, कारण त्या कागदावरून फसवणूक होते ती आपलीच. गरोदरपणात स्कूबा करू नये, हा नियम सरसकट आहे.

कानांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नवख्या माणसाला सर्वाधिक त्रास तिथेच होतो. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. १० मीटर खाली तो दुप्पट होतो आणि २० मीटरवर तिप्पट. याचा अर्थ कानातल्या हवेचे आकारमान पहिल्या १० मीटरांतच निम्म्यावर येते, तर पुढच्या १० मीटरांत ते निम्म्यावरून एक-तृतीयांशावर जाते. म्हणजेच सर्वांत मोठा बदल अगदी वरच्या थरात घडतो, आणि नवखा डायव्हर नेमका तिथेच घाईने खाली जाऊ पाहतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून किंवा गिळण्याची क्रिया करून कानाच्या पडद्याआड हवा पोहोचवावी लागते. हे काम दुखायला लागल्यावर करायचे नसते; पाण्यावर असतानाच एकदा करावे आणि मग खाली जाताना दर मीटरमागे, किंबहुना त्याआधीच, करत राहावे. दुखलेच तर जोर न लावता थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही कान मोकळा झाला नाही तर डाइव्ह तिथेच थांबवावी. सर्दी असताना नाकात औषधाचे थेंब घालून उतरणे हा मार्ग नव्हे. औषधाचा अंमल पाण्याखाली उतरला, तर वर येताना हवा अडकते. ज्यांना विमान उतरताना किंवा घाटातून खाली येताना कान बंद होण्याचा त्रास नेहमी होतो, त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना भेटावे.

पोहता यायलाच हवे का, हा प्रश्न हमखास येतो. ओळख-डाइव्हसाठी बहुतेक केंद्रे पोहण्याची अट घालत नाहीत. ओपन वॉटर कोर्ससाठी मात्र साधनांशिवाय २०० मीटर, किंवा मास्क, फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर पोहावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहावे लागते. वेगाची अट नसते. सवय मोडलेली असेल तर पणजीतल्या कांपालच्या जलतरण तलावावर काही आठवडे नियमित जावे. तिथे अंतरापेक्षा तोंड पाण्यात ठेवून शांत श्वास सोडण्याचा सराव जास्त करावा.

पावसाळ्यात अभ्यास, थंडीत समुद्र

गोव्यात जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो, आणि हाच काळ तयारीला उत्तम. कोर्सचा लेखी भाग आता ऑनलाइन करता येतो. तो साधारण आठ-दहा तासांचा असतो आणि रोज थोडा केला तर पंधरवड्यात सहज संपतो. त्यापुढे जाऊन तलावातला सरावही गोव्यातच पूर्ण करता येतो. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणणारे साधन) हात मागे नेऊन शोधणे, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेणे ही कौशल्ये नऊ-दहा फूट पाण्यात घोटून घेतली, की समुद्रात त्यांची धास्ती उरत नाही.

अर्धा कोर्स एका ठिकाणी आणि उरलेल्या चार समुद्र-डाइव्ह दुसरीकडे, अशी अधिकृत सोय असते. तिला रेफरल म्हणतात. पहिल्या केंद्राचा प्रशिक्षक पूर्ण झालेल्या भागाची नोंद सही करून देतो, आणि पाडीच्या पद्धतीत ती कागदपत्रे शेवटच्या सत्रापासून बारा महिने ग्राह्य असतात. बेटावरचे केंद्र त्याच संस्थेचे आहे का आणि ते रेफरल स्वीकारते का, हे ईमेलने लेखी विचारून घ्यावे. पैशांची बचत यात फारशी होत नाही, कारण दोन्हीकडे शुल्क द्यावे लागते. वाचतात ते बेटावरचे दीड-दोन दिवस, आणि हॉटेलच्या खोलीत बसून व्हिडिओ पाहण्यापेक्षा ते पाण्यात घालवलेले बरे.

घराजवळची रंगीत तालीम

वास्को आणि मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडच्या आसपास ऑक्टोबर ते मे या काळात डायव्हिंग चालते, आणि तिथे बुडालेल्या जुन्या जहाजांचे अवशेषही आहेत. पण मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाचा गाळ जवळ असल्यामुळे पाणी बऱ्याचदा गढूळ असते. काही दिवशी दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही. हे ठाऊक असेल तर निराशा होत नाही. अशा पाण्यात शिकलेल्या माणसाला पुढे बेटांवर सगळेच सोपे वाटते, हा त्याचा फायदाही धरावा. सावध राहायचे ते किनाऱ्यावर 'स्कूबा, जेवण, व्हिडिओ, सगळे मिळून इतके' असे ओरडणाऱ्या स्वस्त पॅकेजपासून. त्यात पुष्कळदा कसलेही प्रशिक्षण नसते, वैद्यकीय अर्ज पुढे येत नाही, आणि पर्यटकाला काही मिनिटे पाण्याखाली धरून कॅमेऱ्यासमोर हात हलवायला लावले जाते. त्या अनुभवावरून स्कूबा आपल्याला आवडते की नाही हे कोणीही ठरवू नये.

मला विचाराल तर गोव्याच्या माणसाने पहिली खारी बुडी नेत्राणीला मारावी. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेल्या या बेटाभोवतीचे पाणी चांगल्या दिवसांत ग्रँड आयलंडपेक्षा कितीतरी स्वच्छ असते, मासळी भरपूर असते, आणि मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वरला शनिवार-रविवारच्या सुट्टीत जाऊन येता येते. उत्तर गोव्यातल्यांना मालवण-तारकर्ली जवळ पडेल. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शिकवणी मराठीत मिळण्याची शक्यता अर्थातच जास्त.

कोणती बेटे?

अंदमान हा नवख्यांसाठी सर्वांत सरळ पर्याय आहे. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, येथे अनेक केंद्रे एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे निवडीला आणि तुलनेला वाव आहे. नीमो रीफसारख्या उथळ जागेत शिकता येते, तर डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांसारख्या खोल, प्रवाहाच्या जागा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवता येतात. पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असते. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील बेट) येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकाला वेगळा परवाना लागत नाही. गोव्याहून चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद किंवा कोलकात्यामार्गे विमानाने पोर्ट ब्लेअर गाठायचे आणि पुढे दीड ते अडीच तासांची फेरी बोट घ्यायची, असा मार्ग आहे.

ऋतूचा विचार इथे नीट करावा. अंदमानला नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही येतात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत केलेले बुकिंग हा जुगार ठरू शकतो. नाताळात भाव चढलेले आणि बोटी भरलेल्या असतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. शाळकरी मुले बरोबर असतील तर परीक्षांमुळे तो गैरसोयीचा पडतो, आणि अशा कुटुंबांना डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा परीक्षा संपताच निघणे एवढेच उरते.

लक्षद्वीपचे पाणी अंदमानपेक्षाही निळे आणि पारदर्शक आहे, असे अनेक अनुभवी डायव्हर म्हणतात, आणि भारतातली कंकणाकृती प्रवाळद्वीपे म्हणावीत तर ती इथलीच. एकूण ३६ बेटांपैकी वस्ती दहा बेटांवर आहे आणि विमानतळ फक्त अगत्तीला. गोव्याच्याच फ्लाय नाइंटी वन या कंपनीने २०२४ मध्ये मोपाहून अगत्तीची सेवा सुरू केल्यामुळे कोचीचा वळसा टळू शकतो. मात्र छोट्या विमानांची वेळापत्रके हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा ताजे वेळापत्रक पाहिल्याशिवाय बाकी काहीही ठरवू नये. छोट्या विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. इथे भारतीय नागरिकालाही प्रवेश-परवाना लागतो. त्यासाठी पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो, आणि तो मिळायला वेळ लागतो म्हणून महिना-दीड महिना आधी हालचाल करावी. डायव्हिंगसाठी कदमत आणि बंगारम ही नावे प्रसिद्ध आहेत. अगत्तीहून तिथे बोटीने जावे लागते. बंगारम वगळता या बेटांवर दारूबंदी आहे, हे गोव्यातल्या मंडळींच्या कानावर आधीच घातलेले बरे. पावसाळ्यात इथले डायव्हिंग बंद असते.

एक बाब खास आपल्याकडची. घरातल्या किंवा मित्रमंडळीतल्या कोणी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले असेल, तर त्या व्यक्तीला भारतीय नागरिकाचे नियम लागू होत नाहीत, मग तिचे घर म्हापशात का असेना. विशेषतः लक्षद्वीपमध्ये परदेशी पासपोर्टधारकांना मोजक्याच बेटांवर प्रवेश असतो. सगळ्यांची तिकिटे काढण्यापूर्वी त्या एका व्यक्तीच्या परवानगीची खात्री करावी.

मालदीवला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे तेही मोहात पाडते. पण तिथल्या नामांकित जागा अनेकदा जोरदार प्रवाहाच्या खाड्यांत असतात, आणि जहाजावर राहून डायव्हिंग करण्याच्या बऱ्याच सफरींत आधीच्या नोंदलेल्या डाइव्हची अट असते. ती दुसरी किंवा तिसरी सहल म्हणून ठेवावी.

आणखी एक अपेक्षा आधीच जुळवून घ्यावी. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे प्रवाळ रंग गमावून पांढरे पडले आणि काही मेले. लक्षद्वीपला २०२४ चा फटका जोरात बसला. जाहिरातीतली छायाचित्रे कोणत्या वर्षाची आहेत हे कळत नाही. प्रवाळांचा रंग काही ठिकाणी उणा असला तरी मासे, कासवे, ऑक्टोपस यांची रेलचेल असते. जाताना तेवढे गृहीत धरून जावे.

दिवसांचा हिशेब उलटा मांडावा

परतीच्या विमानापासून मागे मोजत यावे. डायव्हिंग करताना श्वासातला नायट्रोजन दाबाखाली शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघण्याआधी विमानात बसले, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे बनून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे की एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या किंवा दिवसाला अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये. व्यवहारात सरळ २४ तास धरावेत. अंदमानात हे सोपे होते: हवामान बिघडले की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम असायलाच हवा, आणि त्या एका रात्रीत दोन्ही गरजा भागतात. सेल्युलर जेल पाहायला तोच दिवस ठेवावा.

याप्रमाणे आठ दिवसांची सहल अशी बसते. पहिला दिवस गोवा ते पोर्ट ब्लेअर; विमान सकाळी लवकर पोहोचत असेल तरच त्याच दिवशीची फेरी घ्यावी. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला पोहोचून केंद्राला भेट, कागदपत्रे आणि साधनांची मापे. तिसरा ते पाचवा दिवस कोर्स. तलावाचा भाग गोव्यात झाला असेल तर हाच काळ निवांत जातो आणि दोन जादा डाइव्ह करायला उरतो. सहावा दिवस राखीव: पाऊस, वारा, बंद कान किंवा नुसता थकवा यांपैकी काहीतरी येतेच, आणि काही आले नाही तर एक हौशी डाइव्ह सकाळी करून घ्यावी. सातव्या दिवशी पोर्ट ब्लेअर, आठव्या दिवशी घर. अंदमान देशाच्या घड्याळावर चालत असले तरी खूप पूर्वेला आहे. थंडीत पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधार होतो. केंद्रांच्या बोटी त्यामुळे भल्या पहाटे निघतात. उशिरा उठणाऱ्यांनी आधीपासून सवय करावी.

हाच दाबाचा नियम गोव्यात परतल्यावरही लागू आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ग्रँड आयलंडला सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला घाटाने बेळगावला किंवा आंबोलीमार्गे कोल्हापूरला गाडीने निघणे म्हणजे समुद्रसपाटीवरून ६००-८०० मीटर उंच चढणे होय. त्यासाठीही विमानाइतकीच विश्रांती घ्यावी. मुरुडेश्वरहून गोव्याला परतणारी वाट किनाऱ्यानेच येत असल्यामुळे तिथे ही अडचण नाही.

केंद्राला विचारायचे प्रश्न

दर सर्वांत शेवटी विचारावा. प्रशिक्षकाचे नाव आणि सदस्य क्रमांक मागून संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. यात कोणाला अपमान वाटण्याचे कारण नाही. एका प्रशिक्षकामागे किती जण असतील हे विचारावे. पाडीच्या नियमानुसार समुद्रातील ओळख-डाइव्हला चार ही कमाल मर्यादा आहे, पण नवख्यांसाठी दोनच असलेले बरे. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, तो द्यायला शिकलेला माणूस बोटीवर असतो का, आणि गंभीर प्रसंगी सर्वांत जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (शरीरातल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर वाढीव दाबाखाली उपचार करण्याची बंद खोली) कुठे आहे, याची उत्तरे चटकन आणि नेमकी मिळाली पाहिजेत. 'आमच्याकडे कधी काही झालेले नाही' हे उत्तर नव्हे. दर सांगताना साधने, बोट, पुस्तक, प्रमाणपत्र शुल्क आणि कर धरले आहेत का, तसेच चौथ्या डाइव्हपर्यंत कौशल्य जमले नाही तर जादा सत्राचे किती, हेही लिहून घ्यावे. ओपन वॉटर कोर्सला साधारण तीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक लागतात. त्याहून फार स्वस्त काही मिळत असेल तर कुठला भाग गाळला आहे ते शोधावे.

प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. स्कूबा आणि रीकॉम्प्रेशनचा खर्च स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेली पॉलिसी घ्यावी, किंवा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेचा खास अपघातविमा पाहावा.

सामान

विकत घ्यावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे स्वतःचा मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. दाट मिशा असल्यास त्याखालून पाणी झिरपते, त्यावर मिशी थोडी कापणे हाच उपाय. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. टूथपेस्टने ती आतून दोन-तीनदा घासल्याशिवाय धुके जात नाही. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात. बाकी वेटसूट, फिन, रेग्युलेटर, बीसीडी (हवा कमी-जास्त करून तरंगणे सांभाळणारे जाकीट) केंद्राकडूनच घ्यावे. बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी न्यावी, आणि ती घेतल्यावर झोप येते का हे घरीच एकदा पाहावे. थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी. बेटांवरचे नेटवर्क आणि एटीएम यांवर विसंबू नये.

पाण्यातले पहिले दिवस

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, हा समज फार रूढ आहे. तिच्यात दाबून भरलेली साधी हवाच असते, साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक), आणि सुमारे ५० बार शिल्लक असताना पाण्यावर पोहोचायचे असते. श्वासाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की तो कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होऊन फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते, आणि श्वास रोखलेला असेल तर दीड-दोन मीटरवरूनही गंभीर इजा होऊ शकते. म्हणून घाबरून वर झेपावायचे नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर न येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

हातवाऱ्यांत एक गफलत आपल्याकडे नेहमी होते. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे, आणि प्रशिक्षक खरोखर वर नेतो. सगळे ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ. कान दुखत असेल तर आधी सपाट हात डावी-उजवीकडे हलवून 'काहीतरी बिघडले आहे' हे सांगावे आणि मग कानाकडे बोट दाखवावे.

काहीही हाताळू नये, आणि उभे राहायचे झाल्यास फक्त वाळूवर. प्रवाळ जिवंत असतात आणि एका फिनच्या फटक्याने वर्षानुवर्षांची वाढ मोडते. शिवाय दगडासारखा दिसणारा स्टोनफिश विषारी काट्यांचा असतो. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून खिशात घालू नये. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि असा तुकडा विमानतळावरच्या तपासणीत सापडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आदल्या रात्री मद्य नको, पाणी भरपूर प्यावे, सकाळी हलके खावे. कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता डाइव्ह रद्द करण्याचा हक्क प्रत्येक डायव्हरला आहे. नवरा-बायको किंवा मित्र एकत्र जातात तेव्हा हे आधीच एकमेकांना बोलून ठेवावे, म्हणजे बोटीवर कोणी कोणाला भरीस घालणार नाही.

घरी आल्यावर

प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, उरलेली हवा आणि खाली जाण्यासाठी अंगावर बांधलेली वजने त्याच दिवशी लॉगबुकमध्ये लिहून प्रशिक्षकाची सही घ्यावी. पुढच्या केंद्राला कार्डापेक्षा त्या पानांवरून आपली तयारी अधिक कळते, आणि वजनांचा आकडा तर पुढच्या खेपेला हमखास उपयोगी पडतो. मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. सांधे दुखणे, अंगावर चट्टे, मुंग्या येणे किंवा न ओसरणारा थकवा यांपैकी काही परतल्यावर दिवस-दोन दिवसांत जाणवले, तर डॉक्टरांना आपण डायव्हिंग करून आलो आहोत हे आवर्जून सांगावे. प्रमाणपत्राला मुदत नसते, पण सहा-आठ महिने पाण्यात उतरला नसाल तर पुढच्या मोठ्या सहलीआधी उजळणी-सत्र करून घ्यावे. नेत्राणीचा हंगाम उघडताच, ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात, ते एका शनिवार-रविवारी उरकता येते.